श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

(रायपूर येथे भरलेल्या रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी मराठी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'कामगारवस्तीतील आरोग्य आणि व्यायाम' असा छापला आहे. तो वाचून काही साथींनी विचारले, की भरती बंद, ठेकेदारी जोरात, खाजगीकरण दाराशी. अशा वेळी युनियन आता कवायत शिकवणार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: व्यायाम हा उपदेशाचा विषय नाही, तो मागणीचा विषय आहे. माणसाला व्यायाम करायचा तर वेळ लागतो, जागा लागते, पोटात अन्न लागते आणि अंगात उरलेली शक्ती लागते. ह्या चारही गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नाहीत. त्या कशा वाटाव्यात हे ठरवण्याची लढाई युनियनचीच आहे.

रोग कोणाच्या वाट्याला?

एके काळी रक्तदाब आणि मधुमेह हे शेठ-सावकारांचे रोग समजले जात. कामगाराला हगवण, मलेरिया, क्षय ठरलेले. आज काय दिसते? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना वाढलेला रक्तदाब आहे. म्हणजे ह्या सभागृहात बसलेल्या तिघांपैकी एकाला रक्तदाब असण्याचा संभव आहे. क्षय गेला नाही तोच साखर आली. गरिबाच्या घरात आज जुने आणि नवे दोन्ही रोग एकाच खाटेवर बसले आहेत.

रोग सर्वांना होतो, पण त्याची किंमत सारखी नसते. लोको पायलटला ठरलेल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. त्यात रक्तदाब किंवा साखर आटोक्याबाहेर निघाली, की गाडी हातातून जाते, माणूस दुसऱ्या कामावर टाकला जातो आणि रनिंग अलाउन्सवर बसवलेला घरखर्चाचा हिशेब कोसळतो. तरीही त्याला निदान रेल्वेचा दवाखाना आहे, औषध आहे, रजा आहे. त्याच यार्डात ठेकेदाराकडे डबे धुणाऱ्या माणसाची तपासणीच होत नाही. त्याला रोग कळतो तो एक बाजू लुळी पडल्यावर. एकच फलाट, एकच धूळ, पण आरोग्य दोन तऱ्हेचे.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील पुरुष नोकरांची एक मोठी पाहणी १९६७ साली सुरू झाली. तिथे उपासमार नव्हती, सर्वांना पगार होता, दवाखानाही होता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-चपराशांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. विडी-सिगारेट, वजन, रक्तदाब हे सगळे हिशेबात धरले तरी हा फरक पूर्णपणे मिटेना. म्हणजे 'तुमच्या सवयी वाईट, म्हणून तुम्ही आजारी' एवढे सांगून कोणालाही सुटता येत नाही.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

आता व्यायामाकडे वळू. शरीर हलते ठेवल्याने हृदय वाचते, हे शास्त्राने प्रथम नीट दाखवले ते कामगारांचा अभ्यास करून. १९५३ साली जेरी मॉरिस ह्या डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांची आकडेवारी प्रसिद्ध केली. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला असे आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसातून पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. पगार जवळजवळ सारखा, वस्ती सारखी. पण हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आणि कंडक्टरांत कमी. मॉरिस इथेच थांबले नाहीत. त्यांनी गणवेशाच्या मापांची नोंदवही काढली. ड्रायव्हरांच्या पँटचा कमरेचा घेर मुळातच मोठा होता. म्हणजे कामाचा परिणाम किती आणि आधीपासूनचा लठ्ठपणा किती, हेही तपासले पाहिजे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. शास्त्र असे असते. १९६२ साली अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा असाच अभ्यास झाला. त्यात कारकुनांपेक्षा रुळांवर काम करणाऱ्यांचे मृत्युमान कमी निघाले.

इथे आमचे ट्रॅकमन साथी म्हणतील, मग प्रश्न मिटला. आम्ही रोज पहार चालवतो, गिट्टी ओढतो, कीमन रोज हातोडा-पाना घेऊन सारी बीट पायी तपासतो. आम्हांला आणखी कसला व्यायाम?

साथींनो, नेमकी इथेच गोम आहे. २०१८ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक निष्कर्ष मांडला गेला. ज्या पुरुषांचे काम फार अंगमेहनतीचे आहे, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक आढळला. फिरायला, खेळायला जाणाऱ्याला जी हालचाल वाचवते, तीच कामावर करणाऱ्याला वाचवत नाही. संशोधकांत ह्यावर अजून वाद चालू आहे. काहींचे म्हणणे, गरिबी आणि व्यसने पूर्णपणे वजा केली तर फरक घटेल. तेही असेल. पण जी कारणे सांगितली जातात, ती ऐकल्यावर ट्रॅकमन मान डोलावल्यावाचून राहणार नाही.

फिरायला जाणारा अर्धा तास झपाझप चालतो आणि थांबतो. त्याचे हृदय जोरात चालते, मग विसावते आणि विसाव्यातच बळकट होते. रुळावरचा माणूस आठ-आठ तास ओझे उचलतो, वाकतो, धरून ठेवतो. त्याचा रक्तदाब दिवसभर चढाच राहतो. दमला म्हणून थांबणे त्याच्या हाती नसते, कारण ब्लॉकची वेळ संपत आलेली असते आणि गाडी सुटलेली असते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा रूळ हाताला चटका देतो. गुडघे आणि कंबर झिजते, पण छातीला जो फायदा व्हायचा तो होत नाही. लंडनच्या कंडक्टरला पायऱ्या होत्या, तशी दोन थांब्यांमधली उसंतही होती. श्रमात उसंत नसेल तर तो व्यायाम नव्हे, ती झीज आहे. पन्नाशीला पोचलेल्या ट्रॅकमनची चाल पाहा, ह्याला वेगळा पुरावा नको.

बसून झिजणारे आणि कधीच न बसणाऱ्या

दुसऱ्या टोकाला आमचा लोको पायलट. कोळसा, लोखंड, सिमेंट वाहणाऱ्या ह्या आपल्या मालवाहू मुलखात तो तासन्‌तास एका खुर्चीत, डोळे सिग्नलवर ठेवून बसतो. जेवणाची वेळ ठरलेली नाही, झोपेची नाही. रात्री दोनला कॉल, दुपारी रनिंग रूम, पुन्हा कॉल. रनिंग रूमच्या भिंतीवर 'रोज चाला, निरोगी राहा' असा कागद चिकटवला, तर तो वाचणार कधी आणि चालणार कधी? म्हणूनच दररोजची सोळा तासांची मुख्यालय-विश्रांती आणि तीस तासांची साप्ताहिक विश्रांती एकमेकींत मिसळू नका, दोन्ही वेगवेगळ्या द्या, ही रनिंग स्टाफची जुनी मागणी आहे. लोक तिला कामाच्या तासांची मागणी समजतात. आम्ही तिला आरोग्याची मागणी म्हणतो.

आणि आता आमच्या भगिनी. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष शरीराला आवश्यक तेवढी हालचाल करीत नाहीत. हा आकडा सांगितला की घरातल्या बाया हसतात. 'आम्ही बसतो कधी?' म्हणून विचारतात. त्यांचे हसणे खरे आहे. नळावर रांग, धुणे-भांडी, मग चार घरची कामे किंवा बांधकामावर घमेली. ह्या राबण्यात दम लागतो, पण मोकळेपणा नाही. आणि त्यात रक्त कमी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयाच्या दहापैकी सहा स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिच्या रक्तातच लोह नाही, तिला पहाटे उठून धाव म्हणणे हा सल्ला नव्हे, ती थट्टा आहे. आधी ताटात डाळ, भाजी आणि हातात लोहाच्या गोळ्या, मग चालणे.

आणखी एक गोष्ट ह्या मुलखाची आहे. छत्तीसगडमध्ये आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आहे. अशा माणसाने उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत कसरत केली तर जिवावर बेतू शकते. त्याने हालचाल करायची ती बेताची, पाणी पीत, थांबत, डॉक्टरांना विचारून. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ साली सुरू झाली, तिच्यात तपासणी मोफत होते. आपल्या शाखांनी कोणताही व्यायामाचा कार्यक्रम काढण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

मैदान कोणाचे, हवा कोणाची?

रायपूरमध्ये चालायला जागा नाही असे कोणी म्हणणार नाही. तेलीबांधा तलावाकाठी फरसबंद वाट आहे, लोक तिला मरीन ड्राइव्ह म्हणतात. गांधी उद्यान आहे. नवा रायपूरमध्ये मोठे क्रिकेट स्टेडियम आहे. पण गुढियारी, खमतराई, बीरगाव ह्या बाजूचा माणूस पाळी संपवून तिकडे कधी जाणार? जायचे तर ऑटोचे भाडे, यायचे तर ऑटोचे भाडे. चालण्यासाठी पैसे खर्चून चालायला जायचे! त्याच्या दाराशी जी मोकळी जागा आहे, तिथे चिखल आहे, ट्रक उभे आहेत, दिवा नाही. दिवा नाही म्हणजे बाई माणसाला ती जागा नाहीच.

आणि हवा? उरला आणि सिलतरा ह्या औद्योगिक पट्ट्यांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. सकाळी अंगणात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसलेली तिथल्या बायांनी आयुष्यभर झटकली आहे. दीर्घ श्वास घ्या, असे योगशिक्षक सांगतात. पण श्वासाबरोबर आत काय जाते, हे विचारणारा कोणी पाहिजे. धूर धरणारी यंत्रे रात्रीही चालू राहिली पाहिजेत, ही मागणी म्हणजे व्यायामाच्या कार्यक्रमातले पहिले कलम होय.

रेल्वे वसाहतींत परिस्थिती जरा बरी. आपल्याकडे जुन्या काळापासून इन्स्टिट्यूट आहेत, मैदाने आहेत. पण काही ठिकाणी मैदान लग्नांना आणि प्रदर्शनांना भाड्याने जाते, काही ठिकाणी फाटकाला कुलूप असते. कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या पोराला तर आत येण्याची मुभाच नाही. त्याचा बाप मात्र त्याच रेल्वेच्या यार्डात ठेकेदाराकडे राबतो.

आपल्या चळवळीचा वारसा

विश्रांती मागणे ही कामगाराची चैन नव्हे, हे महाराष्ट्राला सांगावे लागू नये. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पुढे ह्याच गिरणगावात चाळीचाळींतून तालमी आणि व्यायाममंडळे निघाली. पाळी सुटल्यावर पोरे कबड्डी खेळली, गिरण्यांचे संघ निघाले. कामगार कल्याण केंद्रांनी कामगारांच्या मुलाबायकांना खेळाची आणि शिकण्याची जागा दिली. सुट्टी आधी, मैदान नंतर आणि खेळाडू त्यानंतर. क्रम हा असा आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा ते संघही मोडले. नोकरी गेली की खेळही जातो.

दुसरा वारसा इथला, आपल्या शेजारचा. दुर्गहून दक्षिणेला आपलीच लाइन दल्ली राजहराला जाते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहदगड पुरवणारे हे गाव. १९७७ च्या जूनमध्ये तिथल्या खाणकामगारांवर गोळीबार होऊन अकरा जण बळी पडले. शंकर गुहा नियोगी ह्यांच्या नेतृत्वाखाली त्या कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि आपल्या हातांनी दवाखाना बांधला. ३ जून १९८३ रोजी सुरू झालेले हेच ते शहीद रुग्णालय. कामगारांनीच आरोग्यसेवक म्हणून शिक्षण घेतले. त्यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली, बाया पुढे आल्या. खाणीत पूर्ण यांत्रिकीकरण करून माणसे काढू नका, निम्मे यांत्रिकीकरण करा, असा तोडगाही त्यांनी मांडला. यंत्राने कामगाराचे ओझे उचलावे, त्याची भाकरी उचलू नये, एवढाच त्याचा अर्थ. १९९१ साली नियोगींचा खून झाला, पण रुग्णालय उभे राहिले. आरोग्य हे युनियनचे काम आहे की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर दल्ली राजहराने कधीच दिले आहे.

तिसरी गोष्ट वेतनाची. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टी ठरवली: माणशी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, जळण. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार आणि किमान करमणूक ह्यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरावेत असे सांगितले. म्हणजे खेळ, करमणूक, सण हे कामगाराच्या किमान गरजांत येतात, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. आणि योगायोग पाहा. ज्या डॉक्टर मॉरिस ह्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला, त्यांनीच २००० साली निरोगी जगण्यासाठी माणसाला किमान किती उत्पन्न लागते ह्याचा हिशेब सहकाऱ्यांसह मांडला. त्यात अन्न आणि घराबरोबर व्यायामाचा खर्चही धरला. हृदयापासून सुरुवात करून ते शेवटी पगारापाशी आले. आपणही तिथेच येऊन पोचलो आहोत.

करावयाचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण सोपे आहे. प्रौढाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे दम वाढेल अशी मध्यम हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काही करावे; मुलांनी रोज साठ मिनिटे खेळावे. दहा-दहा मिनिटे जमली तरी ती मोजली जातात. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे. एवढे आपण आपल्या हिमतीवर करू शकतो. बाकीचे मागून घ्यावे लागेल. म्हणून शाखांपुढे पुढील ठराव ठेवतो आहोत.

पहिला, विश्रांतीचा. रोस्टरप्रमाणे विश्रांती मिळते की नाही, ह्याची नोंद प्रत्येक शाखेने महिनाभर वहीत ठेवावी आणि ती वही घेऊन वाटाघाटीला बसावे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, वही जात नाही.

दुसरा, ओझ्याचा. ट्रॅकवर हलकी अवजारे, सावलीची सोय, पाणी आणि उन्हाळ्यात कामाच्या वेळा पहाटे व संध्याकाळी. कामाच्या मध्ये ठरलेली उसंत. दिवसभर वाकलेल्या माणसाला आणखी बैठका नकोत. त्याला कंबर-गुडघे मोकळे करणारे ताण आणि रविवारी मुलांबरोबर सावकाश फिरणे पुरे. लोको पायलट, स्टेशन मास्तर, कारकून ह्यांना मात्र झपाझप चालण्याची गरज आहे. सर्वांना एकच कवायत लावू नये.

तिसरा, मैदानाचा. इन्स्टिट्यूटचे मैदान पहाटे आणि संध्याकाळी उघडे राहावे, दिवे असावेत, एक वेळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी आणि ठेकेदारी कामगारांची मुले कुंपणाबाहेर राहू नयेत. ह्या शेवटच्या कलमावर आपल्यातच कुरबूर होईल, हे आम्ही जाणतो. पण जो आज ठेकेदाराकडे आहे, तो उद्या संघटनेत आला नाही तर परवा आपलीही जागा ठेकेदाराकडे जाईल.

चौथा, स्त्रियांचा. छत्तीसगडमध्ये २००२ पासून वस्तीवस्तीत मितानिन काम करते. देशात आशा कार्यकर्ती २००५ नंतर आली, त्याआधीपासून ही बाई दारोदार जाते आहे. तिला बोलवा. रक्त, रक्तदाब, साखर तपासून घ्या आणि मग आठ-दहा जणींचे चालण्याचे गट करा. एकटी बाई अंधारात निघत नाही, दहा जणी निघतात. खेळही परके आणायला नकोत. २०२२ साली राज्याने छत्तीसगडिया ऑलिंपिक भरवले, तेव्हा साडी खोचून आज्यासुद्धा फुगडी आणि कबड्डी खेळल्या. आपल्याकडे मंगळागौरीला फुगडी आहे, इथे गावोगाव फुगडी आहे; इथली बसून खेळतात एवढाच फरक. दिवाळीला इथल्या बाया टाळ्या वाजवीत सुवा नाचतात. एक संध्याकाळ दोघींनी एकत्र खेळावे. दम लागेल, हसू येईल आणि मराठी-छत्तीसगडी असा भेदही जरा सैल होईल.

पाचवा आणि शेवटचा, दारूचा आणि तंबाखूचा. विश्रांती मिळाली आणि ती गुत्त्यावर गेली, तर मागणीला अर्थ राहत नाही. दल्ली राजहराने हे काम सक्तीपेक्षा संघटनेच्या शब्दावर केले. आपल्या शब्दालाही तेवढे वजन आले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बरेच जण नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून ह्या लाइनवर आले आणि इथलेच झाले. ज्यांच्याबरोबर कष्ट केले, त्यांच्याबरोबरच निवृत्तीनंतरची वर्षेही काढायची आहेत. निवृत्तीचा पैसा हाती आला आणि दोन वर्षांत माणूस गेला, असे दर वसाहतीत घडलेले आपण पाहतो. पेन्शनसाठी आपण लढतो, ती उपभोगण्याइतके आयुष्यही मागून घेतले पाहिजे. तेव्हा 'व्यायाम करा' असे कोणी सांगितले, तर जरूर ऐकावे आणि लगेच विचारावे: वेळ कोण देणार? जागा कोण देणार? हे विचारायला माणूस एकटा पुरत नाही, त्यासाठीच युनियन आहे.

शाखांनी ठरावांवर चर्चा करून आपली मते लेखी पाठवावीत, ही विनंती करून आम्ही थांबतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!